पॉल रिव्हिअरचा पोवाडा बसवताना

परदेशी माणसावर पोवाडा करायचा म्हटलं की कुणीतरी विचारतंच, "आपल्याकडची माणसं संपली काय?" याचं उत्तर वाळवा तालुक्यानं कधीच देऊन ठेवलंय. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. व्होल्गेचं पाणी डफावर चालतं, तर बोस्टनच्या चार्ल्स नदीचंही चालेल. खाली सहा जणांच्या, १८ मिनिटांच्या पोवाड्याचं गणित दिलंय. शाळेच्या संमेलनाला, कॉलेजच्या युवा महोत्सवाला किंवा गावातल्या व्याख्यानमालेच्या शेवटच्या रात्री तो बसवता येईल. स्पर्धेत उतरणार असाल तर वेळेची मर्यादा आधी बघा. काय कापायचं ते पुढं येईलच.

रचायला बसण्याआधी एक अडचण ओळखा. पोवाड्याला वीर लागतो. तानाजी कडा चढतो, बाजीप्रभू खिंड अडवतो. रिव्हिअर म्हणजे अमेरिकेतल्या बोस्टनचा चांदीकाम करणारा माणूस, इंग्रज फौज निघाल्याची खबर गावोगाव पोचवायला रातोरात घोड्यावर दौडलेला. त्यानं १८ एप्रिल १७७५ च्या त्या रात्री तलवार उपसली नाही, गोळी झाडली नाही, आणि जिथं पोचायला निघाला त्या शेवटच्या गावी तो पोचलाही नाही. पहाटे लेक्सिंग्टनला गोळ्या सुटल्या तेव्हा हा गडी कागदपत्रांची पेटी उचलत होता. अशा माणसाला तानाजीच्या चालीत बसवलं की पोवाडा खोटा वाटू लागतो. कुठं खोटा वाटतोय हे श्रोत्याला सांगता येत नाही, पण दहाव्या मिनिटाला तो मोबाइल काढतो.

यातून वाट एकच. या पोवाड्याचा वीर म्हणजे निरोप. रिव्हिअर त्याचा पहिला वाहक. आणि निरोप एका तोंडून दुसऱ्या तोंडी कसा जातो हे दाखवायची सोय पोवाड्यात मुळातच आहे. शाहिराची ओळ झिलकरी उचलतात, तीच झील. एरवी ती साथीला असते, इथं तिलाच गोष्ट सांगायला लावायची. बाकीचं सगळं या एका गोष्टीवर उभं करा.

माणसं आणि वाद्यं

शाहीर १, झिलकरी ३, ढोलकी १, तुणतुणं १. डफ शाहिराच्याच हातात, झांज तिघा झिलकऱ्यांपैकी एकाकडं. हार्मोनियम घ्यायची सवय असेल तर नदीच्या कडव्यात ती बंद ठेवा. झिलकरी दोनवर आणू नका. दोघांत निरोप फक्त परत येतो, पुढं जाण्यासाठी तिसरा लागतो. चौथा मिळाला तर उत्तम. पाचवा आला की रंगमंचावर गर्दी दिसते आणि शब्द फुटतात.

डफाचं कातडं ओल धरतं. महाबळेश्वर-मेढ्याकडच्या दमट हवेत, किंवा जुलै-ऑगस्टात साताऱ्यात कुठंही, कार्यक्रमाआधी वीस मिनिटं डफ ऊबेला धरावा लागतो. निखाऱ्यापासून किंवा हॅलोजनच्या दिव्यापासून हातभर लांब धरा, सतत फिरवत राहा, आणि थाप टणक वाजली की थांबा. एकाच जागी धरला तर कातडं कडेनं तडकतं. फायबरचा डफ सोबत असू द्या, पण तो पडद्यामागं. नदीच्या कडव्यात कातड्यावर बोटं घासायची आहेत आणि फायबरवर त्या घासण्याला आवाजच येत नाही.

तुणतुणं शाहिराच्या षड्जाला लावा, ढोलकी नंतर तुणतुण्याला. उलट क्रमानं गेलात तर शाहिराला दुसऱ्याच्या पट्टीत गावं लागतं आणि स्वारीच्या चौकात, म्हणजे पोवाड्याच्या त्या भागात, गळा बसतो.

शाहिराला पाठ हवी अशी हकिकत

गायची नसली तरी ही माहिती शाहिराला झोपेतून उठवून विचारली तर सांगता आली पाहिजे. गद्यात एखादं वाक्य विसरलं की यातलंच दुसरं वापरता येतं.

रिव्हिअर बोस्टनच्या नॉर्थ एंडचा. बाप अपोलोस रिव्हॉयर, फ्रान्समधून आलेला प्रॉटेस्टंट निर्वासित, धंद्यानं सोनार. पोरानं तीच भट्टी चालवली. चांदीची भांडी घडवायची, तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून छापे काढायचे, आणि मंदीच्या दिवसांत तारेनं खोटे दातही बसवायचे. विटा, खानापूर, आटपाडीकडं कार्यक्रम असेल तर ही ओळख लांबवू नका. गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेल्या घरांना चांदी गाळणारा माणूस समजावून सांगावा लागत नाही. तिथं "हा आपल्यातलाच" एवढं म्हटलं की बस्स.

१७६८ मध्ये त्यानं चांदीचा एक वाडगा घडवला. 'सन्स ऑफ लिबर्टी' या इंग्रज सरकारविरोधी गटाच्या पंधरा जणांनी तो मागवला होता. इंग्लंडच्या राजाचा हुकूम धुडकावणाऱ्या मॅसॅच्युसेट्स सभागृहातल्या ९२ सभासदांचा गौरव त्यावर कोरलाय. वजन ४५ औंस. हा आकडा मुद्दाम ठेवलेला, कारण लंडनमध्ये राजावर टीका केल्याबद्दल गाजलेल्या एका नियतकालिकाचा अंक ४५ वा होता.

१७७० च्या ५ मार्चला बोस्टनच्या रस्त्यावर इंग्रज शिपायांनी गोळीबार केला, पाच माणसं मेली. त्यात क्रिस्पस अॅटक्स हा काळा खलाशी होता. रिव्हिअरनं या प्रसंगाचा छापा काढून विकला. मूळ चित्र हेन्री पेलहॅमचं, ते यानं उचललं. छाप्यात शिपाई रांगेत शिस्तीनं उभे राहून गोळ्या झाडतात आणि डोक्यावर निळं आभाळ आहे. घडलं ते रात्री, बर्फात, ढकलाढकलीत. खटल्यात शिपायांची बाजू जॉन अॅडम्सनं घेतली, जो पुढं अमेरिकेचा अध्यक्ष झाला. बहुतेक शिपाई सुटले, दोघे सदोष मनुष्यवधात दोषी ठरले. हा छापा मोठा करून मागं लावायचा मोह होतो. लावा, पण गद्यात एक वाक्य टाका: "हे चित्र भडकवायला काढलेलं आहे." शाहिराला हे सांगताना संकोच नको. भडकवणं हा आपलाही जुना धंदा आहे.

निरोप्याचं काम तो त्या रात्री पहिल्यांदा करत नव्हता. डिसेंबर १७७३ मध्ये चहाच्या पेट्या समुद्रात गेल्याची खबर घेऊन तो न्यूयॉर्कला गेला. सप्टेंबर १७७४ मध्ये सफोक परगण्याचे इंग्रजविरोधी ठराव फिलाडेल्फियाला भरलेल्या वसाहतींच्या सभेला, म्हणजे तिथल्या काँग्रेसला, त्यानंच पोचवले. त्याच सालच्या डिसेंबरात पोर्ट्समथला जाऊन तिथल्या किल्ल्यातल्या दारूगोळ्याबद्दल इशारा दिला. शिवाय बोस्टनमधले तीसेक कारागीर रात्री दोघादोघांच्या पाळीनं गस्त घालून इंग्रज फौजेच्या हालचाली टिपायचे, त्यांत हा होता. ते ग्रीन ड्रॅगन नावाच्या खानावळीत जमत आणि प्रत्येक वेळी बायबलवर हात ठेवून गुप्ततेची शपथ घेत. तरी बातमी फुटायची. फोडणारा डॉ. बेंजामिन चर्च हा त्यांच्याच पुढाऱ्यांपैकी निघाला.

आपल्याकडच्या श्रोत्याला इथं लगेच बहिर्जी नाईक आठवतो, आणि कुंडल-वाळव्याकडं नाना पाटलांच्या प्रतिसरकारची तुफान सेना. आठवू द्या, पण गद्यात त्याला एकच वाक्य द्या. नाना पाटलांचं नाव दोनदा आलं की सभा तुमच्या हातून त्यांच्याकडं जाते आणि रिव्हिअर परत येत नाही. आणि मंचावर 'प्रतिसरकार' म्हणा. 'पत्री' शब्दावर हशा येतो, तो इथं नको.

सुरुवात पुरंदरापासून

गण-मुजरा आपल्या रिवाजानं दीड मिनिटात उरका. त्यानंतर येणारं दोन मिनिटांचं गद्य फार महत्त्वाचं आहे, कारण "बोस्टन कुठं आलं" हे श्रोत्याला इथंच कळणार. नकाशा दाखवू नका, काळ दाखवा. सवाई माधवरावांचा जन्म पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ चा. रिव्हिअरची रात्र १८ एप्रिल १७७५ ची. तारखेला बरोबर एक वर्ष. त्याआधीच्याच महिन्यात राघोबादादांनी सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केलेला. साताऱ्याच्या गादीवर छत्रपती रामराजे. म्हणून गद्य असं चालतं:

"साल सतराशे पंचाहत्तर. पुरंदरावर जन्मलेलं पेशव्याचं पोर आज बरोबर वर्षाचं झालंय. राघोबादादा इंग्रजाच्या तंबूत जाऊन बसलेत. आणि त्याच इंग्रजाच्या विरोधात, सात समुद्रापलीकडं, एक चांदीकाम करणारा माणूस बुटाचे बंद आवळतोय."

त्याला जोडूनच कंपनी आणा. बोस्टनच्या बंदरात १६ डिसेंबर १७७३ ला ज्या चहाच्या पेट्या बुडवल्या त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या. मराठी माणसाला 'कंपनी' हा शब्द उलगडून सांगावा लागत नाही. "तीच कंपनी, तिचाच चहा" ही अर्धी ओळ झिलकऱ्यांनी दोनदा उचलली की सभागृह तुमच्या बाजूला येतं.

पेट्यांचा आकडा ३४२. तो गाण्यात घालू नका. 'तीनशे बेचाळीस' म्हणायला बारा मात्रा जातात, म्हणजे सोळा मात्रांच्या ओळीतला पाऊण भाग आकड्यानंच खाल्ला. उरलेल्या चार मात्रांत 'पेट्या' तेवढ्या मावतात, त्या बुडवायला जागा राहत नाही. गाताना "पेट्या बुडाल्या खाऱ्या पाण्यात", आणि आकडा नंतर गद्यात, डफावर एक थाप मारून. हाच नियम सगळ्या सालांना लावा.

परदेशी नावांनाही लगाम हवा. गायच्या भागात सातच्या वर नावं नकोत. 'रिव्हिअर' गाताना 'रिव्हेर' होतो, त्याला इलाज नाही. 'लेक्सिंग्टन' तीन तुकड्यांत तोडून लेक्-सिंग-टन असं ठोक्यावर बसवा. 'चार्ल्सटाऊन' गाताच येत नाही, तिथं 'पलीकडचा काठ' म्हणा. 'लिंकन' हे गावाचं नाव आहे हे गद्यात आधीच सांगून टाका, नाहीतर निम्मी सभा अब्राहम लिंकनची वाट बघत बसेल. तो जन्मला १८०९ मध्ये.

कंदिलाचा चौक

इथं सगळे चुकतात, म्हणून जरा थांबून. या स्वारीवर १८६० मध्ये लिहिलेली एक इंग्रजी कविता शाळाशाळांतून पाठ केली गेली, आणि तिच्यामुळं समज असा झाला की रिव्हिअर पलीकडच्या काठावर घोड्यापाशी उभा राहून चर्चच्या मनोऱ्यातल्या कंदिलाची वाट बघत होता. घडलं उलटं. कंदील त्यानंच लावायला सांगितले होते, पलीकडच्या लोकांसाठी. आपण नदी ओलांडताना पकडलो गेलो तरी खबर पोचावी, हा हेतू. दोन दिवस आधी, रविवारी, त्यानं पलीकडच्या कर्नल कोनंटशी खूण ठरवली होती. फौज जमिनीवरून निघाली तर एक कंदील, पाण्यातून निघाली तर दोन. म्हणजे एकच निरोप दोन वाटांनी. आणि तिसरी वाटही होती. बोस्टनमधल्या बंडवाल्यांचा पुढारी डॉ. जोसेफ वॉरननं विल्यम डॉझ नावाच्या माणसाला जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवरून आधीच रवाना केलं होतं. जाळं विणणारा माणूस असा विचार करतो. हे एकदा शाहिराला पटलं की बाकीचा पोवाडा आपोआप सरळ होतो.

मनोऱ्यात चढला तो चर्चचा सेवक रॉबर्ट न्यूमन. कंदील क्षणभरच दाखवले, कारण नदीतल्या इंग्रज जहाजालाही ते दिसले असते.

ध्रुपद इथं पहिल्यांदा येतं आणि पुढं पाच वेळा परततं:

एक दिवा तर जमिनीवरून,
दोन दिवे तर पाण्यातून,
कान टवकारा मंडळी हो,
निरोप निघाला बोस्टनहून, जी जी जी!

ओळ सोळा मात्रांची, दोन मात्रांना एक ठोका. मोबाइलवरच्या मेट्रोनोमवर मिनिटाला ९० ठोक्यांनी सुरू करा. 'टवकारा'वर डफाची थाप पडली पाहिजे. 'मंडळी'वर पडली तर ओळ लोळते.

कंदील बॅटरीचे घ्या, पिवळ्या उजेडाचे. रॉकेलचे खरे दिसतात, पण बंद सभागृहात परवानगी मिळत नाही आणि विझवताना धूर शाहिराच्या तोंडावर येतो. दोन झिलकरी मागच्या बाजूला स्टुलावर उभे. 'दोन दिवे' म्हणताच मंचाचा उजेड उतरवा, कंदील वर, मनात दहापर्यंत मोजा, कंदील खाली. तालमीत पोरं ते वर धरून तशीच उभी राहतात, कारण टाळ्या पडतात. खाली घ्यायला लावा. झटकन विझलेला दिवा जास्त वेळ लक्षात राहतो. उघड्या मैदानावर, हायमास्टच्या खाली, कंदील दिसतच नाहीत. तिथं हा प्रकार सोडून द्या आणि दोन झिलकऱ्यांनी दोन बाजूंनी "दोन दिवे!" अशी आरोळी द्यावी.

नदी

पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेले, चंद्र उगवत होता, भरतीचं पाणी चढत होतं, आणि मध्ये 'सॉमरसेट' नावाचं इंग्रज लढाऊ जहाज नांगरलेलं. दोन जणांनी वल्हवत त्याला पलीकडं नेलं.

नदीत उभं जंगी जहाज,
वरती चढतो चांदवा आज,
वल्ह्याचा न येई आवाज,
पार झाला रिव्हेर, जी जी!

या कडव्यात ढोलकी बंद, झांज बंद, तुणतुणं बंद. शाहीर डफावर फक्त बोटं घासतो, पाणी कापल्यासारखी. शेवटच्या ओळीपर्यंत झील कुजबुजत, आणि 'पार झाला'वर सगळी वाद्यं एकदम. हे नीट जमायला दहा-बारा तालमी लागतात. बिघडतं ते ढोलकीवाल्यामुळं. त्याचा हात रिकामा राहत नाही, तो हळूच 'ना' वाजवतो आणि सगळी रात्र फुकट जाते. त्याला सरळ हात मांडीखाली ठेवायला सांगा.

वल्ह्यांना बाईचा परकर गुंडाळला होता अशी तिकडं एक आख्यायिका आहे. गद्यात सांगायची तर "असं सांगतात" म्हणूनच सांगा. गावाकडच्या सभेत हशा येतो, स्पर्धेत परीक्षक भुवया उंचावतो. कुठं आहात ते बघून ठरवा.

स्वारी

घोडा जॉन लार्किन नावाच्या चर्चमधल्या गृहस्थाचा, मागून आणलेला. रात्री अकराच्या सुमारास निघाला, मध्यरात्रीच्या सुमारास लेक्सिंग्टनला. अंतर वीसेक किलोमीटर. सातारकरांना सांगा: साताऱ्याहून कोरेगाव. सांगलीकरांना: मिरजेला जाऊन परत. अशा मापानं सांगितलं की पोरांना घोड्याचा वेग कळतो.

वाटेत दोन इंग्रज अधिकारी आडवे आले, त्यानं घोडा वळवून मेडफर्डची वाट धरली. ती जागा सांगताना रिव्हिअर स्वतःच्या हकिकतीत खूण देतो: जिथं मार्कला साखळदंडात टांगला होता त्याच्या जवळ. मार्क हा गुलाम. मालकावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून १७५५ मध्ये त्याला फाशी दिली आणि प्रेत साखळीत टांगून ठेवलं. वीस वर्षांनंतरही ती जागा वाटेची खूण होती, आणि स्वातंत्र्याचा निरोप त्याच वाटेनं दौडत गेला. अण्णा भाऊंच्या मुलखात हे न सांगता पुढं जाता येणार नाही. इथं गाणं थांबवा. तीन वाक्यं गद्यात, डफ छातीशी धरून, आवाज न चढवता. पोवाडा यानं फिका पडत नाही.

मग वेग. ठोके ९० वरून १३० वर न्या, एका कडव्यात नव्हे, तीन कडव्यांत मिळून. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे पहिल्या चौकातच १२० नं सुटणं. स्वारी येईपर्यंत चढायला जागा राहत नाही, मग शाहीर वेगाऐवजी आवाज वाढवतो आणि शब्द जातात.

झिलेचं खरं काम इथं आहे. तिघा झिलकऱ्यांना मंचावर तीन ठिकाणी लांब लांब उभं करा. शाहिराची ओळ पहिला उचलतो, त्याची दुसरा, त्याची तिसरा:

मेडफर्ड गावी दार ठोकलं,
(दार ठोकलं! दार ठोकलं!)
तिथला गडी पुढं धावला,
(पुढं धावला! पुढं धावला!)
एका घोड्याचे किती झाले,
मोजायला कुणी ना राहिले!

झील कधीच तिघांनी एकदम देऊ नये. एकदम दिली की कोरस होतो आणि निरोप थांबतो. दोघांत अर्धा ठोका अंतर. आधी टाळ्यांवर, मग शब्दांवर, मग चालत चालत घोटून घ्या. रिव्हिअरनं मेडफर्डला 'मिनिटमन' तुकडीच्या कप्तानाला उठवलं, म्हणजे मिनिटभरात बंदूक घेऊन बाहेर पडायला तयार असलेल्या शेतकरी-कारागिरांच्या तुकडीचा प्रमुख. पुढं लेक्सिंग्टनपर्यंत जवळपास प्रत्येक घर जागं केलं. तिथून पुढचे स्वार निघाले, घंटा वाजल्या, इशाऱ्याच्या बंदुका झडल्या.

तो ओरडला काय? "ब्रिटिश आले" असं लिहू नका. त्या वेळी मॅसॅच्युसेट्सचे लोक स्वतःला ब्रिटिशच समजत होते, त्यामुळं त्या आरोळीला अर्थच राहिला नसता. लेक्सिंग्टनला पाद्री क्लार्कच्या घरी सॅम्युअल अॅडम्स आणि जॉन हॅनकॉक हे बंडाचे पुढारी उतरले होते. पहाऱ्यावरच्या सार्जंट मन्रोनं "आवाज करू नका, घरातली मंडळी झोपलीत" म्हणून रिव्हिअरला दटावलं. त्यावर हा म्हणाला, आवाज तर आता पुष्कळ होणार आहे, खडी फौज बाहेर पडलीय. मराठीत याला एकच शब्द: "पलटण निघाली!" गद्यातला हा संवाद दोन झिलकऱ्यांना द्या. हमखास वठतो. फक्त 'प' दाबून उच्चारा. फलटणकडचे श्रोते असतील तर "फलटण निघाली" ऐकून ते एसटी पकडायला उठतील.

पकडला गेला तो

अर्ध्या तासानं डॉझ पोचला. दोघं काँकर्डकडं निघाले, तिथं दारूगोळा साठवलेला. वाटेत सॅम्युअल प्रेस्कॉट नावाचा तरुण डॉक्टर भेटला, तोही सामील झाला. लिंकन गावाजवळ इंग्रज गस्तीनं घेरलं. डॉझ निसटला. प्रेस्कॉटनं दगडी कुसावरून घोडा उडवला आणि काँकर्डला तोच पोचला. रिव्हिअरच्या डोक्याला पिस्तूल लावून विचारपूस झाली, त्यानं सरळ सांगितलं की मुलूख जागा झालाय, जपून राहा. पुढं गोळीबाराचे आवाज ऐकून अधिकारी बिचकले. त्याचा घोडा काढून घेतला आणि त्याला सोडून दिलं.

रचणारा हा प्रसंग बहुधा टाळतो, कारण वीर पकडला जातो. पोवाड्याचा कळस मात्र हाच आहे:

लिंकन गावी घेरलं त्याला,
पिस्तूल लाविलं कपाळाला,
घोडा गेला, गडी राहिला,
निरोप मात्र निसटुन गेला, जी जी!

तिसऱ्या ओळीवर वाद्यं तोडा. चौथी ओळ शाहिरानं गायची नाही. तो मान खाली घालून उभा, आणि ती सगळ्यांत लांब उभ्या असलेल्या झिलकऱ्यानं घ्यायची. तो प्रेस्कॉट. तिथून ध्रुपद पुन्हा सुरू होतं आणि शाहीर त्यात शेवटी मिसळतो. स्पर्धेतला शाहीर आपली ओळ सोडायला राजी नसतो. त्याला समजवा, नाही समजला तर शाहीर बदला.

वेळेचा हिशेब असा बसतो: गण-मुजरा दीड मिनिट, पुरंदरचं गद्य दोन, चहा तीन, कंदील तीन, नदी दोन, स्वारी तीन, पकडणं दोन, पहाट दीड. स्पर्धेला दहाच मिनिटं असतील तर मुजरा दोन ओळींवर आणा, पुरंदरचं गद्य मिनिटात बसवा, चहाचा चौक सगळाच काढा, कंदील दोन मिनिटांत उरका आणि पहाट मिनिटभरात. नदी आणि पकडणं यांना हात लावू नका. स्वारीतली कडवी गाळून ती दीड मिनिटावर आणा, पण मार्कची तीन वाक्यं ठेवा.

पहाट आणि पेटी

१९ एप्रिलच्या पहाटे लेक्सिंग्टनच्या हिरवळीवर सत्तरच्या वर माणसं सुमारे सातशेच्या फौजेच्या आघाडीच्या तुकड्यांसमोर उभी राहिली. पहिली गोळी कुणाची हे ठरलं नाही. आठ गावकरी पडले. काँकर्डच्या पुलावर फौजेला अडवलं, आणि बोस्टनला परतताना वाटेभर कुंपणांमागून गोळ्या आल्या. दिवसाअखेर इंग्रजांचे ७३ मेले, वसाहतवाल्यांचे ४९. हे सगळं गद्यात, एका दमात.

रिव्हिअर तोवर पायी लेक्सिंग्टनला परतला होता. हॅनकॉकची कागदपत्रांनी भरलेली पेटी खानावळीत राहिली होती, ती इंग्रजांच्या हाती पडली तर कितीतरी नावं उघडी पडली असती. तो आणि जॉन लोवेल नावाचा कारकून ती उचलून हिरवळीवर उभ्या असलेल्या गावकऱ्यांमधून निघाले. मागं गोळी वाजली. कुणी झाडली ते त्याला दिसलं नाही, आणि पुढं जबानीतही त्यानं ते सांगितलं नाही.

हिशेबाची गंमत सांगायची तर इथंच सांगा: त्या दिवसांतल्या घोडदौडीचं बिल त्यानं सरकारी समितीला लावलं. रोजी ५ शिलिंग मागितले, मंजूर झाले ४. शिक्षक आणि ग्रामसेवक श्रोत्यांत असले की या वाक्याला सगळ्यांत मोठी दाद मिळते.

शेवटाला पेटी प्रत्यक्ष दाखवा. घरातली जुनी पत्र्याची ट्रंक चालते, त्यावर तपकिरी कागद चिकटवा म्हणजे चकाकणार नाही. रिकामी ठेवू नका. रिकामी ट्रंक उचलणाऱ्याचे खांदे खोटं बोलतात, शिवाय कडी खडखडते. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे भरून आठ-दहा किलो वजन करा आणि कडीला सुतळी बांधा. शाहीर डफ खाली ठेवतो, एक झिलकरी दुसरी कडी धरतो, आणि दोघे उरलेल्या दोघांच्या मधून चालत जातात. ते दोघे श्रोत्यांकडं तोंड करून उभे, खांद्यावर बंदुकीसारखी काठी. ढोलकीवर एकच थाप. पेटीवाले मागं वळून बघत नाहीत, आत निघून जातात. नाममुद्रेची, म्हणजे रचणाऱ्या शाहिराचं नाव येणारी, ओळ पडद्यामागून गा.